सालातिगातलं घर कुणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात इंडोनेशियातल्या मध्य जावा प्रांतातल्या सालातिगा गावाचा ओझरता उल्लेख आला होता. यजमानांच्या गिरणीतल्या नोकरीमुळे आम्ही तिथे बरीच वर्षं राहिलो, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर बडोद्यातूनच तीन पत्रं आली. तिन्हींचा विषय एक, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमचं वडिलोपार्जित घर दांडिया बाजारात आहे. मुलगा सेमारांगजवळ एका कापड गिरणीत इंजिनिअर आहे. त्याने सालातिगाच्या मुलीशी लग्न केलं. लग्न तिथे रीतसर नोंदलेलं आहे, सून शाळेत शिकवते, वर्षाची नात आहे. सुनेच्या माहेरच्या गल्लीतच एक घर विकायला निघालं आहे. किंमत ९० कोटी रुपिया, म्हणजे आपले ४८ लाखांच्या आसपास. निम्मे पैसे आम्ही द्यावेत असं मुलाचं म्हणणं. माझी अट एकच, घर मुलाच्या नावावर व्हावं. तो म्हणतो, कायद्याने होत नाही, बायकोच्याच नावावर करावं लागेल. हे खरं आहे का? आणि त्यासाठी इथलं घर विकावं का?
— निवृत्त बँक अधिकारी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपला मुलगा खरं सांगतो आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आपल्या पत्रात शंकेचा सूर आहे आणि ती शंका त्या दोघांच्या संसारात शिरायला नको.

इंडोनेशियात जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा, क्रमांक ५. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे जमिनीची पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. या मालकीला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात. यामागे इतिहास आहे. १८७०च्या डच कायद्याने मळेवाल्या कंपन्यांना ७५ वर्षांच्या पट्ट्याने जमिनी दिल्या होत्या. जावाचा शेतकरी आपल्याच गावात मजूर झाला होता. ते पुन्हा होऊ नये म्हणून स्वतंत्र देशाने हे दार बंद केलं. आपल्याला ते गैरसोयीचं वाटेल, पण मला ते कधी अन्यायाचं वाटलं नाही.

परदेशी माणसाला मिळतो तो वापराचा हक्क, ‘हाक पाकाई’. २०२१च्या १८ क्रमांकाच्या सरकारी नियमाप्रमाणे तो आधी ३० वर्षांचा, मग २० वर्षांची मुदतवाढ आणि पुढे ३० वर्षांचं नूतनीकरण असा चालतो. त्यासाठी मुलाकडे राहण्याचा वैध परवाना हवा. शिवाय घराची किंमत सरकारने त्या प्रांतासाठी ठरवलेल्या किमान रकमेच्या वर हवी. ही रक्कम अब्जांमध्ये असते. गल्लीतलं ९० कोटींचं घर त्यात बसत नाही. म्हणजे हा मार्ग आपल्या मुलासाठी नाही.

राहिली सून. ती नागरिक आहे, तिला पूर्ण मालकी मिळू शकते. पण इथे एक गाठ आहे आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून मुलालाही ती कदाचित माहीत नसेल. तिथल्या १९७४च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक ठरते. नवरा परदेशी असेल तर निम्मी मालकी परदेशी माणसाकडे गेली असा त्याचा अर्थ होतो, आणि मग पूर्ण मालकीचा हक्कच अडचणीत येतो. यावर उपाय म्हणजे नवराबायकोने आपापली मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करणं. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. लग्नानंतर जाग आलेल्या बायकांना स्वतःच्या देशात स्वतःच्या नावाने घर घेता येत नसे. जपानी माणसाशी लग्न केलेल्या एका इंडोनेशियन बाईने घेतलेला फ्लॅट बिल्डरने याच कारणावरून रद्द केला. तिने घटना न्यायालयात दाद मागितली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने लग्नानंतरही असा करार करता येईल असा निकाल दिला. जावात परदेशी जावई असलेल्या कितीतरी घरांना त्या बाईमुळे छप्पर मिळालं.

तेव्हा क्रम असा ठेवायला सांगा. आधी नोटारिसकडे, म्हणजे तिथल्या नोटरीकडे जाऊन मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. मग लग्न जिथे नोंदलं त्या कार्यालयात त्या कराराची नोंद. त्यानंतरच घराचं बयाणं. आधी बयाणं आणि मग करार असं केलं तर करार होईपर्यंत विकणारा दुसरं गिऱ्हाईक बघेल आणि बयाण्याचे पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतील.

आता आपल्या मनातला खरा प्रश्न, जो आपण विचारला नाही. पैसे आमचे आणि नाव सुनेचं, उद्या दोघांचं पटलं नाही तर? असं झालं तर त्या घरावर आपल्या मुलाचा हक्क राहणार नाही. ही जोखीम खरी आहे. ती पेलवत नसेल तर पैसे देऊ नका, पण मुलाच्या नावाचा हट्ट सोडा, कारण तो कोणताच वकील पुरवू शकणार नाही. द्यायचे असतील तर नातीच्या घरासाठी दिलेलं बक्षीस म्हणून द्या आणि पुन्हा त्याचा विषय काढू नका. त्या गल्लीत सुनेची आई आहे, काका-मामा आहेत. मुलगा रात्रपाळीला गेल्यावर नातीला ताप आला तर दार वाजवायला माणसं आहेत. माझ्या हिशेबात याची किंमत फार मोठी आहे.

सुनेचं काही बरंवाईट झालं तर वारसाने मुलाकडे आलेली मालकी त्याला एक वर्षाच्या आत नागरिकाकडे सोपवावी लागते, नाहीतर जमीन सरकारजमा होते. नात इंडोनेशियाची नागरिक असेल तर घर तिच्याकडे जाऊ शकतं. २००६च्या तिथल्या नागरिकत्व कायद्याने अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात, पुढच्या तीन वर्षांत एक निवडायचं. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून नातीचा भारतीय पासपोर्ट काढण्याची घाई आजी-आजोबांच्या हौसेखातर करू नका.

पैशाचं आपल्याला मी काय सांगावं, आपण बँकेतले. तरी दोन गोष्टी लिहितेच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, बक्षीस म्हणूनही. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घर विकून दुसरं घर घेतलं की भांडवली नफ्यावर जी सूट मिळते, ती नवं घर भारतात असेल तरच. दांडिया बाजारचं घर विकून जावात घर घेतलंत तर पूर्ण नफ्यावर कर भरावा लागेल. शिवाय शहराच्या जुन्या भागात जिथे अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागातल्या मालमत्तेच्या विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा, लागू आहे तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, त्यात महिने जातात. आणि आपण दोघं म्हातारपणी राहणार कुठे? भारतीय पासपोर्टवर तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदा वाढवून ६०. तेवढ्यावर म्हातारपण काढता येत नाही. घर विकू नका. ठेवींतून जेवढं सहज निघेल तेवढं द्या, उरलेलं मुलगा-सून कर्ज काढून भागवतील. तरुण आहेत.

घराचे कागद सूनच बघेल, पण तिला एवढं विचारा. सर्टिफिकेट हाक मिलिकचं आहे की ‘हाक गुना बांगुनान’चं? दुसरं म्हणजे ठरावीक मुदतीचा बांधकामाचा हक्क. साध्या राहत्या घरासाठी तो बदलून पूर्ण मालकी करून घेता येते, पण तो खर्च किमतीत धरावा. आणि विकणाऱ्याकडे सर्टिफिकेटच नसून नुसतं गिरिक, म्हणजे जुन्या करनोंदीचा कागद असेल तर थांबा. त्याच २०२१च्या नियमाने जुन्या कागदांवरच्या जमिनी नोंदवून घ्यायला पाच वर्षं दिली होती. ती मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. आता गिरिक हा हक्काचा पुरावा धरला जात नाही. आधी विकणाऱ्याने जमीन नोंदवून सर्टिफिकेट काढावं, मगच पुढे बोलावं. व्यवहाराचा दस्त ‘पेपेआते’ नावाच्या सरकारमान्य अधिकाऱ्यासमोर होतो. दस्ताआधी तो जमीन कार्यालयात सर्टिफिकेट तपासून घेतो. विकणाऱ्याला अडीच टक्के कर, घेणाऱ्याला ठरावीक रकमेची सूट वजा जाता जास्तीत जास्त पाच टक्के. हे पैसे बाजूला काढून ठेवायला सांगा.

प्रश्न : माझा मित्र जावात व्यवसाय करतो. सालातिगाच्या वर, मेरबाबू डोंगराच्या उतारावर स्वस्तात प्लॉट मिळतो आहे. तो म्हणतो, जमीन त्याच्या ड्रायव्हरच्या नावाने घेऊ, ड्रायव्हरकडून कर्जाचा कागद आणि न बदलता येणारं मुखत्यारपत्र करून घेऊ. सगळे परदेशी असंच करतात म्हणे. करावं का?
— व्यावसायिक, रावपुरा, बडोदे

उत्तर : करू नका. १९६०च्या त्याच कायद्याचं २६वं कलम सांगतं की परदेशी माणसाला आडवाटेनेही मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कर्जाचा कागद आणि मुखत्यारपत्र ही आडवाट तिथल्या कोर्टाच्या चांगल्या ओळखीची आहे. सगळे करतात हे खरं असलं तरी त्यातल्या ज्यांचा ड्रायव्हर वारला आणि त्याची मुलं सर्टिफिकेट घेऊन उभी राहिली, त्यांना जाऊन विचारा.

आणि त्या ड्रायव्हरचाही विचार करा. त्याच्या नावावर जमीन आली की दरवर्षीचा कर त्याच्या नावाने निघेल. गरिबांसाठीच्या सरकारी मदतीची यादी होताना ती जमीन मोजली जाईल. मालकाला नाही म्हणायची त्याची सोय नाही. पगार देणाऱ्या माणसाने त्याच्यापुढे असा कागद ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उतारावरचा स्वस्त प्लॉट बहुतेक वेळा शेतजमीन असतो, तिथे घर बांधायची परवानगी मिळेलच असं नाही. पावसाळ्यात तिथली माती सरकते ती वेगळीच.

प्रश्न : यजमानांची बदली सालातिगाजवळच्या गिरणीत होते आहे. कंपनी भाड्याचे पैसे देईल, घर आपण शोधायचं. एक घर फाटक आणि वॉचमन असलेल्या नव्या वसाहतीत आहे, दुसरं जुन्या वस्तीत, गल्लीत. मुलगी चार वर्षांची आहे, आम्ही शाकाहारी आहोत, मला भाषा येत नाही. कुठे राहावं? पुढे आवडलं तर तिथेच स्थायिक व्हायचा विचार आहे.
— गृहिणी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : गल्लीत राहा, बाई. घर बघण्याआधी मी वस्तीच बघायला सांगेन, कारण जावात तुझा शेजार तुझ्या दिवसाचा मोठा भाग व्यापतो.

तिथे काही डझन घरं मिळून एक ‘एर-ते’ होते आणि तिचा प्रमुख त्याच घरांतून निवडलेला असतो, त्याला पाक एर-ते म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ही रचना लोकांवर नजर ठेवायला आणली. जपानी गेले, रचना राहिली आणि लोकांनी ती आपल्या कामाला लावली. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते की पाहुण्यांनी २४ तासांच्या आत कळवावं. सामान उतरवलं की त्याच संध्याकाळी दोघं मिळून पाक एर-तेंच्या घरी जा. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याच्या झेरॉक्स, सोबत थोडी फळं. चपला बाहेर काढायच्या, चटईवर बसायचं, देताना-घेताना उजवा हात, वडील माणसांसमोरून जाताना थोडं वाकून. हे सगळं आपल्या घरात शिकलेलंच आहे, त्यामुळे तुला ते अवघड जाणार नाही. मुलीलाही बरोबर ने. मुलगी हसली की अर्धी ओळख झाली.

महिन्याला कचऱ्याची आणि राखणीची वर्गणी असते. रात्री पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात. गस्तीच्या चौकीत लाकडी पोकळ ठोकळा टांगलेला असतो, त्यावर ठोके देऊन वेळ आणि धोका कळवतात. मध्य जावात अजून कितीतरी गल्ल्यांमध्ये घराबाहेर एक डबी लावतात, त्यात मूठभर तांदूळ किंवा नाणं ठेवायचं, गस्तवाले ते गोळा करून वस्तीच्या फंडात टाकतात. याला ‘जिंपितान’ म्हणतात. ती डबी कधी रिकामी ठेवू नकोस. रक्कम अगदी क्षुल्लक असते, पण डबी भरलेली दिसली की या घरात कुणीतरी आपलं राहतं हे गल्लीला कळतं. यजमानांना गस्तीची पाळी आली तर गिरणीचं कारण सांगून टाळू देऊ नकोस. महिन्यातून एखादा रविवार गटारं साफ करायला सगळे उतरतात, तिथेही त्यांनी फावडं हातात घ्यावं. इंजिनिअर साहेब चिखलात उतरले की पुढे दहा वर्षं त्यांना कुणी परकं म्हणत नाही.

बायकांची ‘आरिसान’ असते, म्हणजे आपली भिशीच. दर महिन्याला पैसे, चिठ्ठी, कुणाच्या तरी घरी चहा-फराळ. पहिल्या महिन्यातच तिच्यात नाव घाल. भाषा तिथेच येते, कारण बायका एकमेकींची वाक्यं पुरी करतात आणि तुझीही करतील. लग्नकार्य असेल त्या घरी आदल्या दिवशी शेजारणी भाजी चिरायला जातात. तू बोलावण्याची वाट बघत बसू नकोस, चाकू घेऊन जा. पहिल्या संक्रांतीला मी तिळगूळ करून घरोघर दिला होता. संध्याकाळपर्यंत आमच्या टेबलावर शेंगदाणे-साखर कुटून केलेल्या सालातिगाच्या वड्या, एंतिंग-एंतिंग गपुक, आणि केळीच्या पानातलं काय काय येऊन पडलं.

मृत्यूची बातमी मशिदीच्या भोंग्यावरून येते. हातातलं काम सोडून जायचं, पाकिटात थोडे पैसे. खुर्च्या, मांडव, कपबशा वस्तीच्या मालकीच्या असतात, तासाभरात उभं राहतं. परक्या देशात आमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा मला एकही गोष्ट कुणाला सांगावी लागली नाही. माझ्या हातातला चहाचा पेलासुद्धा शेजारणीने धरून ठेवला होता. फाटकाच्या वसाहतीतली माणसं वाईट असतात असं नाही, पण तिथे प्रत्येक जण मोटारीतून येतो आणि मोटारीतून जातो.

आता कठीण गोष्टी. पहाटेची अजान जोरात ऐकू येते. रमजानात तीनच्या सुमाराला पोरं डबे वाजवत उठवत फिरतात. सवय होते, पण घर मशिदीला अगदी लागून असेल तर झोपायची खोली मागच्या बाजूला आहे का ते बघ. जेवणात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि टोफू आहे, टेम्पे तर रोज खाल्लं तरी कंटाळा येत नाही. मात्र चटणीत कोळंबीचं वाटण, ज्याला तरासी म्हणतात, ते असतंच. मटण नको म्हटलं म्हणजे तरासी नको असं त्यांना वाटत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. पहिल्या भेटीतच सांगून टाक. नंतर सांगितलंस तर शेजारीण तोंडावर काही बोलणार नाही, पण मनातून ओशाळेल.

घर बघायला ऑगस्ट-सप्टेंबरात जमलं तर बघ, तिथे तेव्हा कोरडा हंगाम असतो आणि पाण्याची खरी परिस्थिती कळते. गावाला सेंजोयोच्या झऱ्याचं पाणी मिळतं, पण उंच गल्ल्यांमध्ये त्या हंगामात धार बारीक होते. शेजारणीला विचार, घरमालकाला नको. विजेची जोडणी किती व्होल्ट-अँपिअरची आहे ते बघ. ९०० असेल तर इस्त्री आणि पंप एकदम चालणार नाहीत, १३०० तरी असावी. बहुतेक ठिकाणी मीटर प्रीपेड असतो, टोकनचा आकडा टाकून वीज भरायची. न्हाणीघरातला पाण्याचा हौद दर आठवड्याला घासायचा, डेंग्यूचे डास तिथेच होतात आणि वस्तीतल्या बाया ते तपासायला येतात. गल्लीत अँब्युलन्स शिरते का, हे चालत जाऊन स्वतः बघ. लहान मूल असताना यावर तडजोड नको.

स्थायिक होण्याचं म्हणशील तर तुम्ही दोघं भारतीय, तेव्हा पूर्ण मालकी तुम्हाला मिळणार नाही. वापराच्या हक्कासाठी लागणारं महागडं घर गल्लीत नसतं. भाड्यानेच राहा, त्यात कमीपणा नाही. भाडं तिथे महिन्याचं नसतं, वर्षाचं एकरकमी आगाऊ देतात, म्हणून कंपनीकडून ती रक्कम आधी हातात घे. पहिला करार एकाच वर्षाचा कर. दुसऱ्या वर्षाचं भाडं किती, छप्पर गळलं तर दुरुस्ती कुणी करायची आणि तुम्ही राहत असताना मालकाने घर विकलं तर तुमचं काय, हे तिन्ही करारात लिहून घे. सही होताना पाक एर-तेंना साक्षीदार म्हणून बसव.